यंत्रांच्या आधी समन्वयकाचे पद

ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ सालचे. त्याच्याविषयी जी काही सार्वजनिक चर्चा होते ती बहुतेक जागेची असते: खाटा किती, जमीन किती, ठाणे आणि मुलुंड यांच्या मधल्या नव्या रेल्वे स्थानकासाठी त्यातली किती द्यायची, जुन्या इमारतींचे आणि झाडांचे काय करायचे. बंगळुरूच्या निम्हान्सच्या धर्तीवर या रुग्णालयाचा पुनर्विकास करण्याची भाषा सुरू झाल्यापासून या चर्चेत मजल्यांची आणि यंत्रसामग्रीची भर पडली, एवढाच काय तो फरक. परंतु निम्हान्सचे नाव घेतले की संशोधन ओघाने येतेच. १९७४ साली बंगळुरूचे सरकारी मनोरुग्णालय आणि अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था एकत्र करून निम्हान्स घडवण्यात आले, ते उपचार, अध्यापन आणि संशोधन यांची सांगड घालण्यासाठीच. त्यामुळे ठाण्यात संशोधन कशावर व्हावे आणि ते कोणाच्या हातून चालावे, हे प्रश्न इमारत उभी राहण्याआधी विचारले पाहिजेत. पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की ताणाचे जीवशास्त्र आणि मनोविकार यांचा परस्परसंबंध हा ठाणे-नवी मुंबईच्या या पट्ट्याला साजेसा विषय आहे. दुसऱ्याचे उत्तर अनेकांना रुचणार नाही: अशा केंद्रातले पहिले पद समन्वयकाचे हवे, ते कायम स्वरूपाचे हवे आणि त्या पदाला चालू अभ्यास थांबवण्याचा अधिकार हवा.

विषयाची निवड थोडक्यात सांगतो. हान्स सेलिए यांनी १९३६ साली प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले की आघात कोणत्याही प्रकारचा असला तरी शरीर त्याला बरेचसे एकाच ठरावीक पद्धतीने तोंड देते. पुढच्या काळात त्या प्रतिसादाची साखळी उलगडत गेली: मेंदूतील हायपोथॅलॅमस पिट्यूटरी ग्रंथीला संदेश देतो, ती एसीटीएच हे संप्रेरक रक्तात सोडते आणि त्याच्या आदेशावरून मूत्रपिंडांवरच्या अॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल तयार करतात. हा प्रतिसाद तात्पुरता असतो तेव्हा तो जीव वाचवतो. तो दीर्घकाळ चालू राहिला की त्याची किंमत शरीराला आणि मेंदूला मोजावी लागते, ही मांडणी ब्रूस मॅकइवेन यांनी केली. भारतीय शास्त्रज्ञांचा यातला वाटा मोठा आहे. बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या राष्ट्रीय संशोधन केंद्रात सुमंत्र चटर्जी यांच्या प्रयोगशाळेने २००२ साली दाखवले की दीर्घ ताणाखाली उंदरांच्या मेंदूतील स्मृतीशी निगडित असलेल्या हिप्पोकॅम्पसमधील चेतापेशींच्या शाखा आक्रसतात, तर भीतीशी निगडित असलेल्या अॅमिग्डालामध्ये त्याच शाखा उलट वाढतात. आपल्या कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांनी बालवयातील ताण, सेरोटोनिन हे मेंदूतील संदेशवाहक रसायन आणि मनःस्थिती यांवर अनेक वर्षे काम केले असून २०२२ सालचा इन्फोसिस पुरस्कार त्यांना त्यासाठी मिळाला. प्राण्यांवरचे पायाभूत काम लोकलच्या अंतरावर आहे. त्याला जोडणारे माणसांवरचे दीर्घकालीन काम मात्र या बाजूला नाही.

आणि माणसे तर येथे आहेतच. वाशीच्या बाजार समितीत माथाडी कामगारांचा दिवस बाकीचे शहर झोपेत असताना सुरू होतो. ऐरोली, महापे, घणसोली येथील संकुलांत परदेशाच्या घड्याळाप्रमाणे रात्रपाळ्या चालतात. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांत पाळी आठवड्याआठवड्याला फिरते. आणि सिडकोने १९७०नंतर ज्यांच्या भातजमिनी आणि मिठागरे घेतली त्या आगरी-कोळी कुटुंबांच्या आज दुसऱ्या-तिसऱ्या पिढ्या त्याच गावठाणांत राहत आहेत. दीर्घ ताणाचे इतके वेगवेगळे प्रकार इतक्या छोट्या परिघात क्वचितच सापडतील. शिवाय निम्हान्सने २०१५-१६ साली केलेल्या पहिल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बारा राज्ये होती आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता. देशातील प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी उपचारांची गरज असलेला कोणता ना कोणता मनोविकार होता, हा आकडा आपण भाषणांतून ऐकतो. परंतु तो मोजताना आपल्या राज्यातला एकही उंबरठा ओलांडला गेलेला नाही.

आता समन्वयाकडे येतो, कारण या लेखाचा खरा विषय तोच आहे.

कॉर्टिसॉल मोजणे सोपे आहे आणि तीच त्यातली मेख आहे. लाळेचा नमुना पुरतो, सुई टोचावी लागत नाही, नमुना घरी घेता येतो. परंतु कॉर्टिसॉलची पातळी दिवसभर बदलत असते: जाग आल्यावर पहिल्या अर्ध्यापाऊण तासात ती झपाट्याने वर चढते, मग दिवसभर उतरत जाते आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळ गाठते. म्हणजे वेळेच्या अचूक नोंदीशिवाय आलेला कॉर्टिसॉलचा आकडा निरर्थक असतो. सहभागी व्यक्तीला तीन छोट्या नळ्या द्यायच्या, जाग येताच एक, तीस मिनिटांनी दुसरी, पंचेचाळीस मिनिटांनी तिसरी, असे सांगायचे आणि कागदावर वेळ लिहायला लावायची, ही नेहमीची पद्धत. नळीच्या झाकणात इलेक्ट्रॉनिक नोंद ठेवणारी चकती बसवून जेव्हा तपासणी झाली तेव्हा असे दिसले की बरेच लोक कागदावर बरोबर वेळ लिहितात आणि नमुना मात्र उशिरा घेतात. अशा लोकांची सकाळची चढण साहजिकच कमी भरते. त्या कमी भरलेल्या चढणीचा अर्थ कोणी नैराश्याचे जैविक लक्षण असा लावला तर दोष त्या रुग्णाचा नाही, प्रयोगशाळेचाही नाही.

हे प्रत्यक्षात कसे दिसते ते दिव्याच्या किंवा कळव्याच्या एखाद्या चाळीत जाऊन पाहावे. घरातली बाई पहाटे साडेचारला उठते, पाणी येण्याची वेळ तीच असते. उठल्याबरोबर तिचा हात मशेरीच्या डबीकडे जातो. लाळेचा नमुना घेण्याआधी तंबाखू नको, चहा नको, दात घासणे नको (हिरड्यांतून आलेले रक्त नमुना बिघडवते), असे माहितीपत्रकात छापलेले असते. परंतु मशेरीला ती तंबाखू म्हणत नाही, त्यामुळे 'तंबाखू खाता का' या प्रश्नाला तिने प्रामाणिकपणे 'नाही' असे उत्तर दिलेले असते. हे ध्यानात येण्यासाठी प्रश्नावली हातात घेऊन तिच्या ओट्यावर बसलेली, तिच्यासारखेच बोलणारी आणि पुन्हापुन्हा येणारी क्षेत्र कार्यकर्ती लागते. मेडिकलमधून कोणी सांगितले म्हणून आणलेले गोरेपणाचे किंवा खाजेचे मलम हा असाच दुसरा प्रकार. त्यात अनेकदा तीव्र स्टिरॉइड असते आणि ते महिनोन्महिने चोळले तर शरीराची स्वतःची कॉर्टिसॉलची साखळी दबते. डॉक्टरने औषधे विचारली तर कोणी मलमाचे नाव घेत नाही. घरातल्या आरशाखालच्या फळीवर काय काय ठेवले आहे ते पाहावे लागते.

रात्रपाळीच्या माणसाचा प्रश्न याहून अवघड आहे. माथाडी कामगार सकाळी नऊला झोपतो आणि दुपारी तीनला उठतो. त्याचा 'जाग येताच' घेतलेला नमुना पहाटे उठणाऱ्या कारकुनाच्या नमुन्याशेजारी ठेवता येत नाही, कारण शरीराचे आतले घड्याळ पाळी बदलली म्हणून सहजासहजी उलटे फिरत नाही. मग त्याची तुलना कोणाशी करायची, किती दिवसांचे नमुने घ्यायचे, सुट्टीच्या दिवशीचे वेगळे धरायचे का, हे सगळे आधी ठरवावे लागते आणि केंद्रातल्या प्रत्येक विभागाने ते सारखेच पाळावे लागते. प्राणी विभागातही हीच काळजी हवी. उंदीर निशाचर असतो, त्याचे ताणाचे मुख्य संप्रेरक कॉर्टिकोस्टेरॉन आहे आणि त्याची पातळी संध्याकाळी सर्वाधिक असते. म्हणून प्राण्यांवर काम करणारा आणि माणसांवर काम करणारा 'सकाळचा नमुना' असे म्हणतात तेव्हा दोघे वेगळ्याच गोष्टींविषयी बोलत असतात. त्यांना एका टेबलाशी बसवणे हे कोणाचे तरी नेमून दिलेले काम असावे लागते.

प्रयोगशाळेतील एक उदाहरण देतो, कारण समन्वय म्हणजे बैठका बोलावणे आणि चहाची व्यवस्था करणे असा समज अनेक विद्वानांचाही असतो. समजा, मनोरुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातून रुग्णांचे नमुने वर्षाच्या पहिल्या सहामाहीत गोळा झाले, ते जूनमध्ये तपासले गेले. निरोगी गटाचे नमुने दिवाळीनंतर आले, ते डिसेंबरमध्ये तपासले. दोन्ही वेळी तपासणीचा किट त्याच कंपनीचा, परंतु लॉट, म्हणजे उत्पादनाची खेप, वेगळा; मधल्या काळात रुग्णांच्या नळ्या दोनदा वितळून पुन्हा गोठल्या, कारण पावसाळ्यात वीज गेली आणि जनरेटर उशिरा लागला. निकालात दोन गटांत स्पष्ट फरक दिसतो. तो फरक आजाराचा की किटचा की फ्रीजरचा, हे आता कोणताही संख्याशास्त्रज्ञ सांगू शकणार नाही, कारण तिन्ही एकमेकांत मिसळले आहेत. यावर उपाय महागडा नाही. रुग्ण आणि निरोगी व्यक्ती यांची भरती बरोबरीने चालवायची, प्रत्येक तपासणीत दोन्ही गटांचे नमुने मिसळायचे, उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरच्या तापमानाची नोंद रोज कोणीतरी डोळ्यांनी पाहायची, आणि एसीटीएचसारख्या नाजूक संप्रेरकाची नळी बर्फात ठेवून तातडीने शीत सेंट्रिफ्यूजपर्यंत, म्हणजे रक्ताचे घटक वेगळे करणाऱ्या फिरत्या यंत्रापर्यंत, पोचवायची. तातडीने म्हणजे घोडबंदर रस्त्यावरची कोंडी धरून. उपाय स्वस्त असला तरी तो आपोआप होत नाही.

या क्षेत्राचा इतिहास घाईचा आहे. १९८१ साली बर्नार्ड कॅरॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेक्सामेथासोन चाचणी तीव्र नैराश्याच्या निदानासाठी मांडली: रात्री या कृत्रिम स्टिरॉइडची एक मिलिग्रॅम गोळी द्यायची आणि दुसऱ्या दिवशी रक्तातील कॉर्टिसॉल दबले नाही तर ती नैराश्याची खूण मानायची. मनोविकाराला अखेर रक्ततपासणी सापडली असा गाजावाजा झाला. पुढे कळले की वजन घटलेल्या, स्मृतिभ्रंश झालेल्या, दारू नुकतीच सोडलेल्या, एवढेच काय, नुकतेच रुग्णालयात दाखल झालेल्या माणसांतही ती चाचणी तशीच वागते. २००३ साली न्यूझीलंडमधील ड्युनेडिनच्या अभ्यासातून आलेला निष्कर्षही असाच. सेरोटोनिनच्या एका जनुकाचे रूप आणि आयुष्यातील आघात मिळून नैराश्य ओढवतात, हे पाठ्यपुस्तकांत गेले. नंतरच्या फार मोठ्या विश्लेषणांत ते टिकले नाही. गंमत अशी की ड्युनेडिनचा तो अभ्यास समन्वयाच्या बाबतीत जगात आदर्श मानला जातो. १९७२-७३ साली जन्मलेल्या १,०३७ मुलांपैकी हयात असलेल्यांतले ९४ टक्के लोक वयाच्या पंचेचाळिशीत पुन्हा तपासणीला आले, जगात जेथे असतील तेथून येण्याजाण्याचा खर्च देऊन त्यांना आणले गेले. म्हणजे चांगल्या समन्वयाने प्रत्येक निष्कर्ष खरा ठरतो असे मी म्हणत नाही. परंतु जो निष्कर्ष चुकला तो नेमका कशामुळे चुकला हे नंतर शोधून काढता येते ते अशाच ठिकाणी, जेथे नोंदी धड आहेत.

आपल्याकडेही हे जमलेले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुढाकाराने १९९३ साली सहा गावांत गर्भवती स्त्रियांच्या आहाराचा अभ्यास सुरू केला. त्या वेळी पोटात असलेली मुले आज तिशीत आली आहेत आणि अभ्यास चालूच आहे. चेन्नईत १९८१ साली स्किझोफ्रेनियाच्या पहिल्याच टप्प्यात असलेल्या नव्वद रुग्णांपासून सुरू झालेला पाठपुरावा दशकानुदशके चालला. खारघरला टाटा स्मारक केंद्राचे अॅक्ट्रेक कर्करोगावर उपचार आणि संशोधन एकाच आवारात करत आहे, तेव्हा नवी मुंबईत असे काही चालणार नाही असेही म्हणता येत नाही. कर्करोगाला मिळालेला हा मान मनोविकाराला मिळालेला नाही, एवढेच.

मग अडते कोठे? नेमणुकीच्या पद्धतीत. आपल्या संशोधन प्रकल्पांत क्षेत्र कार्यकर्ती, नमुन्यांची नोंद ठेवणारा तंत्रज्ञ, विदा (डेटा) सांभाळणारा आणि समन्वयक ही सगळी माणसे अकरा महिन्यांच्या करारावर असतात. करार वाढेल की नाही हे शेवटच्या आठवड्यापर्यंत कळत नाही, मानधन तीन-तीन महिने थकते आणि तरतूद संपली की माणूस जातो. त्याच्याबरोबर कोणत्या घरातला मुलगा आता पनवेलला राहायला गेला, कोणत्या सहभागी बाईला नवऱ्यासमोर फोन केलेला चालत नाही, कोणते कुटुंब गणपतीत पंधरा दिवस आणि मे महिन्यात महिनाभर कोकणात असते, हे सगळे ज्ञान जाते. नवा माणूस फोन लावतो, तो बंद लागतो, आणि वहीत 'संपर्क झाला नाही' अशी नोंद होते. ताणाचा अभ्यास करताना ही गळती विशेष घातक ठरते, कारण ज्यांचे आयुष्य सर्वांत अस्थिर आहे, ज्यांचे भाड्याचे घर दर अकरा महिन्यांनी बदलते, तेच आधी गळतात आणि शेवटी हाताशी उरतात ती तुलनेने निवांत माणसे. ताणाखालच्या माणसांचा शोध घेणारी यंत्रणा स्वतःच्या कर्मचाऱ्यांना याच ताणात ठेवते, हेही लिहून ठेवायला हरकत नाही.

सरकारी व्यवस्थेत याहून वाईट पर्याय उपलब्ध असतो. एखाद्या वैद्यकीय अधिकाऱ्याला 'नोडल अधिकारी' म्हणून अतिरिक्त कार्यभार दिला जातो. तो सकाळी शंभराहून अधिक रुग्ण तपासतो, दुपारी न्यायालयाचे कागद पाहतो आणि संध्याकाळी संशोधनाच्या फाईलवर सही करतो. त्याची यात काही चूक नाही.

अभ्यास थांबवण्याचा अधिकार मी का मागतो, ते नैतिकतेच्या बाजूने अधिक स्पष्ट होते. नैराश्याच्या पीएचक्यू-९ या सर्रास वापरल्या जाणाऱ्या प्रश्नावलीतला नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. एखाद्या मुलाने त्यापुढे 'जवळजवळ रोज' अशी खूण केली आणि तो कागद आठ दिवसांनी संगणकात भरला गेला, तर त्या आठ दिवसांत काय घडले याला जबाबदार कोण? टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक पत्रकाच्या तळाशी छापून ही जबाबदारी संपत नाही. तो कागद त्याच संध्याकाळी कोणीतरी वाचला पाहिजे, त्याला त्या दिवशीच्या मनोविकारतज्ज्ञाचा फोन माहीत पाहिजे, आणि तशी सोय नसेल त्या दिवशी मुलाखती होणार नाहीत असे सांगण्याची त्याची प्राज्ञा पाहिजे. करारावरचा समन्वयक विभागप्रमुखाला हे सांगू शकत नाही.

रुग्णालयाच्या आत राहणाऱ्यांचा प्रश्न तर फारच नाजूक आहे. वर्षानुवर्षे ज्यांना घरचे न्यायला आले नाहीत असे रुग्ण संशोधकाला सोयीचे वाटतात: ते रोज तेथेच असतात, एका वेळी उठतात, एकच जेवण जेवतात. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ याचे कलम ९९ संशोधनासाठी स्वतंत्र आणि माहितीपूर्ण संमती आवश्यक ठरवते. जो ती देऊ शकत नाही त्याच्यावरील शारीरिक वा रासायनिक हस्तक्षेपाच्या संशोधनासाठी राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि संमती केव्हाही मागे घेता येते. कायदा पाळला तरी माझा आक्षेप उरतो. ज्या माणसाचे जेवणखाण, बाहेर फिरणे आणि घरी जाण्याची आशा एकाच संस्थेच्या हाती आहे त्याचा होकार कितपत मोकळा असतो? शास्त्राच्या दृष्टीनेही हे नमुने दुबळे आहेत, कारण अनेक वर्षांची औषधे आणि अनेक वर्षांचा बंदिस्त दिनक्रम यांचा कॉर्टिसॉलवरचा परिणाम मूळ आजारापासून वेगळा काढता येत नाही. या केंद्राने आपली माणसे बाह्यरुग्ण विभागातून, कळव्याच्या आणि वाशीच्या पालिका रुग्णालयांतून आणि वस्त्यांतून शोधावीत, आजाराच्या सुरुवातीलाच शोधावीत, आणि दीर्घकाळ राहणाऱ्यांना या कामातून वगळावे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला पैशाचा: डॉक्टर नाहीत, परिचारिका नाहीत, औषधांचा तुटवडा आहे, तेथे संशोधन कशाला? हा आक्षेप मी हलका मानत नाही, आणि निवड खरोखरच खाट की सेंट्रिफ्यूज अशी असेल तर खाट आधी घ्यावी असेच म्हणेन. परंतु मी मागतो ती पदे उपचारालाही उपयोगी पडतात. ज्या कार्यकर्तीने संशोधनासाठी रुग्णाच्या घराचा पत्ता धरून ठेवला तीच त्याची औषधे बंद झाल्याचे सर्वांत आधी सांगू शकते. दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. ताण हा बेरोजगारीचा, पाळीचा, हिरावलेल्या जमिनीचा आणि घरातल्या मारहाणीचा आहे. त्याला लाळेच्या नळीत कोंबले की सामाजिक प्रश्न वैद्यकीय होतो आणि सरकार मोकळे होते. धोका खरा आहे. पण उलटही घडते. २००० साली क्रिस्टीन हाइम आणि सहकाऱ्यांनी केवळ ४९ स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात असे दिसले की ज्यांच्यावर बालपणी अत्याचार झाले होते त्यांच्या शरीराचा सौम्य ताणालाही मिळणारा प्रतिसाद प्रौढपणी तीव्र होता, आणि नैराश्य असलेल्यांत तो सर्वाधिक होता. 'झाले गेले विसरून जा' असे सांगणाऱ्या घरापुढे आणि न्यायालयापुढे अशा पुराव्याचे वजन वेगळे असते. माथाडी मंडळाने रात्रपाळीच्या नियमांसाठी भांडायचे ठरवले तर त्याच्या हातात असा कागद असावा, असे मला वाटते. मात्र तो कागद टिकणारा असावा.

म्हणून मागणी नेमकी करतो. केंद्राला मंजुरी देणाऱ्या शासन निर्णयातच पदांच्या आकृतिबंधात समन्वयक, विदा व्यवस्थापक, नमुना भांडाराचा प्रमुख आणि किमान काही क्षेत्र कार्यकर्त्या यांची नियमित पदे असावीत, त्यांचे सेवाप्रवेश नियम वैद्यकीय पदवीशी बांधलेले नसावेत, समन्वयकाने संचालकाबरोबरच नीतिमत्ता समितीलाही थेट अहवाल द्यावा, आणि अनुदान संपले तरी फ्रीजरची वीज आणि सहभागींचा पाठपुरावा रुग्णालयाच्या नियमित अर्थसंकल्पातून चालावा. ही पदे मंजुरीच्या वेळी राहून गेली तर नंतर प्रत्येकासाठी वित्त विभागाकडे स्वतंत्र प्रस्ताव जाईल, त्यावर शेरे पडतील, आणि तोपर्यंत कंत्राटदार संस्थेमार्फत बाह्यस्रोताने माणसे भरण्याचा तोडगा कोणीतरी सुचवलेला असेल. यंत्रांच्या निविदा निघण्याआधी या चार पदांचा कागद निघाला आहे का, हे ठाण्याच्या आणि बेलापूरच्या लोकप्रतिनिधींनी विधिमंडळात विचारावे.